मेम्फिस: मिसिसिपीकाठच्या शहरात फुकट आणि थोडक्या पैशांत काय बघावं

सांगलीची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दर उन्हाळ्यात दोन-तीन जण तरी विचारतात, "आई-बाबा येतायत, मेम्फिसला एक चक्कर टाकायची आहे, ग्रेसलँड सोडून काय आहे तिथे?" दर वेळी तेच तेच लिहिते, म्हणून आता एकदाच सगळं एका जागी टाकतेय. मी अमेरिकेत टेनेसीमधल्या मेम्फिसला नऊ वर्षं राहते. ग्रेसलँड म्हणजे गायक एल्विस प्रेस्लीचं घर, त्याच्या नेहमीच्या तिकिटालाच माणशी ८० डॉलरच्या वर पडतात. चौघं असाल तर तिथेच तीनशेच्या पुढे गेलात. मग दिवसही संपतो, पैसेही संपतात, आणि माणसं नदी न बघता परत जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं. हे शहर नदीमुळे वसलं, आणि नदीकाठी जे बघायचं त्यातल्या बहुतेक गोष्टींना एक सेंटही लागत नाही.

मागच्या वर्षी आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबांचा जन्म कृष्णेच्या काठावरचा. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी "आयर्विनला किती?" हा प्रश्न असतो. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ. तर बाबांना पहिल्याच संध्याकाळी नदीवर नेलं. जुन्या मेम्फिसचा भाग उंच कड्यावर आहे आणि नदी त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य पलीकडे आर्कान्सासच्या सपाट रानावर मावळतो. बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "इथली धोक्याची पातळी किती?"

मी मोबाइलवर शोधून सांगितलं, ३४ फूट. १९३७ साली ४८.७ पर्यंत गेली होती, २०११ च्या मे महिन्यात ४८ च्या जरा वर. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उणे १२ फूट. "उणे कसं असेल?" यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, मोजणीसाठी ठरवून दिलेली खूण, तळ त्याच्या पुष्कळ खाली असतो, हे पटल्यावरच ते बाकावरून उठले. ती संध्याकाळ त्यांना सगळ्या अमेरिका दौऱ्यात सगळ्यात आवडली. खर्च शून्य.

आता एकेक जागा.

बिग रिव्हर क्रॉसिंग. एकच गोष्ट बघणार असाल तर ही बघा. हॅराहन नावाचा १९१६ सालचा रेल्वेपूल आहे. त्याच्या कडेने पूर्वी गाड्या जायच्या, १९४९ मध्ये शेजारी मोटारींचा नवा पूल झाला आणि तो रस्ता बंद पडला. २०१६ साली त्याच जागेवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट केली. जवळजवळ एक मैल लांब. मिसिसिपीवर चालत जाण्यासाठी एवढा लांब दुसरा पूल नाही. मधोमध टेनेसी संपतं आणि आर्कान्सास सुरू होतं, तिथे खूण आहे. बाबांनी दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढून घेतला आणि लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. चालताना मालगाडी आली तर घाबरू नका. जाळीच्या पलीकडे, अगदी हाताच्या अंतरावरून गेल्यासारखी वाटते. पाव-पाव तास डबे संपत नाहीत आणि पायाखालचं लोखंड थरथरत राहतं. खाली तपकिरी पाणी, त्यात भोवरे, आणि एकमेकांना बांधलेल्या तराफ्यांची लांबच लांब रांग ढकलत नेणारी एखादी बोट. अंधार पडला की पुलावर दिवे लागतात आणि दर तासाला रंगांचा खेळ होतो. तोही फुकट.

टॉम ली पार्क. नदीला लागून असलेली ही बाग २०२३ मध्ये नव्याने करून उघडली. टॉम ली कोण, हे माहीत करून घेऊन जा. ८ मे १९२५ रोजी एम. ई. नॉर्मन नावाची बोट मेम्फिसजवळ नदीत उलटली. टॉम ली हा नदीवर काम करणारा कृष्णवर्णीय माणूस आपली छोटी लाकडी होडी घेऊन तिथून चालला होता. एकटाच. त्याने फेऱ्या मारमारून ३२ माणसं काठावर आणली. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. बागेत त्याचं शिल्प आहे, होडीतून वाकून पाण्यातल्या माणसाला हात देतानाचं. आई त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी होती. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतून तिलाही होडीनेच बाहेर काढलं होतं.

मड आयलंड. इथे खालच्या मिसिसिपीची सिमेंटमध्ये कोरलेली प्रतिकृती आहे. इलिनॉयमधल्या कैरोपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंतची नदी. ३० इंच म्हणजे एक मैल, थोडक्यात एक पाऊल टाकलं की एक मैल. वाटेतल्या गावांचे नकाशेही दगडात कोरलेत. वळणं, नदीने टाकून दिलेली जुनी पात्रं, येऊन मिळणाऱ्या नद्या, सगळं खाली वाकून बोटाने दाखवता येतं. पाणी सोडलेलं नसलं तरी बघाच. फ्रंट स्ट्रीटकडून चालत जायचं असेल तर वरचा पादचारी पूल त्या दिवशी सुरू आहे का ते आधी बघून घ्या. गाडी असेल तर प्रश्नच नाही.

पीबॉडी हॉटेलची बदकं. सकाळी ११ आणि संध्याकाळी ५. गच्चीवर राहणारी पाच बदकं लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून ओळीने चालत लॉबीतल्या कारंज्यात उतरतात आणि संध्याकाळी त्याच थाटात परत जातात. १९३० च्या दशकात सुरू झालेली ही प्रथा. त्यांना असं चालायला शिकवलं ते सर्कशीत प्राण्यांना शिकवणाऱ्या एका माणसाने, आणि मग १९४० ते १९९१ तो हॉटेलचा 'डकमास्टर' होता. पन्नास वर्षं! हॉटेलात राहायची गरज नाही, काही विकत घ्यायची गरज नाही. फक्त अर्धा तास आधी जाऊन गालिच्याजवळ जागा धरा.

बाकीचं तुम्ही सगळे भर घालालच. इथे राहणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

दोन_पिल्लं

किती छान लिहिलंयस गं. वाचनखूण साठवली.

लहान मुलं असतील त्यांच्यासाठी माझी भर. नदीकाठी तो चकाकणारा पिरॅमिड दिसतो ना, तो १९९१ मध्ये खेळांचं स्टेडियम म्हणून बांधला होता. आता आत बास प्रो या शिकारी-मासेमारीच्या सामानाचं अवाढव्य दुकान आहे. प्रवेश फुकट. आत कृत्रिम दलदल केलीय, खरे मासे, खऱ्या मगरी. बाहेर भर दुपारी उभं राहवत नाही तेव्हा माझी दोन्ही मुलं तिथे दोन तास रमतात. टोकावर जायच्या लिफ्टला मात्र तिकीट आहे. आम्ही एकदा गेलो, वरून दोन्ही पूल आणि नदीचं वळण दिसतं. पण ते नाही केलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे शेल्बी फार्म्स. ४,५०० एकरांची बाग, न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या पाचपट. तिथे रानगव्यासारखे दिसणारे बायसन आहेत, कळपच्या कळप, कुंपणाबाहेरून मोफत दिसतात. सकाळी लवकर गेलात तर कुंपणाच्या अगदी जवळ चरत असतात. वसंतात त्यांची तांबूस पिल्लं असतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा रोज सकाळी "चल, म्हशींकडे जाऊन येऊ" म्हणायच्या.

---

भटकंती

नमस्कार ताई. मी शिकागोला शिकतो, गाडी नाही, लायसन्सही नाही. मेम्फिस एका दिवसात होईल का? हॉटेलचा खर्च झेपणार नाही.

---

सांगलीची_लेक

@भटकंती, होईल आणि मस्त होईल. शिकागोहून रात्री 'सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स' ही गाडी सुटते, ती सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला मेम्फिसला पोचते. परतीची गाडी रात्री साडेदहानंतर मेम्फिसहून निघते. म्हणजे दोन्ही रात्री गाडीत आणि अख्खा दिवस शहरात. वेळा बुकिंग करताना तपासून घे.

स्टेशन साउथ मेनवर आहे आणि तुला हवं ते बहुतेक पायी अंतरावर. स्टेशनासमोरच आर्केड नावाचं १९१९ पासूनचं रेस्टॉरंट आहे. तिथे रताळ्याचे पॅनकेक मिळतात. पोटभर खा म्हणजे दुपारपर्यंत बघायला नको. मग नदीकडे उतर, टॉम ली पार्कमधून फिरून वर ये. लोरेन मोटेल स्टेशनापासून दहा मिनिटांवर आहे. साडेदहापर्यंत पीबॉडी. अकराला बदकं. मग बील स्ट्रीट, संगीतासाठी प्रसिद्ध असलेला रस्ता. दुपारी ऊन टळेपर्यंत कुठेतरी आत बस आणि उन्हं कलली की बिग रिव्हर क्रॉसिंग. पुलावरून स्टेशनाला चालत परत येता येतं, पण अंधारात एकटा नको, टॅक्सी कर. पाण्याची बाटली बरोबर ठेव आणि नळावर बिनधास्त भर. मेम्फिसचं पिण्याचं पाणी नदीचं नाही, जमिनीखाली खोल वाळूच्या थरात साठलेलं आहे. फार गोड पाणी आहे.

---

वऱ्हाडी

मी यवतमाळचा. घरी तीन पिढ्या कापूस. म्हणून माझं सांगणं थोडं वेगळं आहे.

युनियन अव्हेन्यू आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुनी कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. तिथे ज्या दालनात सौदे व्हायचे त्याच दालनात आता कापसाचं संग्रहालय आहे. भिंतीवर उंच फळा, त्यावर भाव लिहायचे. तिकीट आहे, पण ग्रेसलँडच्या मानाने अगदीच थोडं. मी त्या फळ्यासमोर उभा राहिलो आणि मला आमच्या बाजार समितीचं आवार दिसायला लागलं. वजनकाटा, गाड्यांची रांग, आणि सकाळी भाव काय फुटतो म्हणून ताटकळलेले आजोबा.

तिकीट काढायचं नसेल तर फ्रंट स्ट्रीटवरून नुसतं चाला. याला कॉटन रो म्हणायचे. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. खिडक्या मोठमोठ्या, कारण कापसाची प्रत बघायला स्वच्छ उजेड लागतो. आमच्याकडेही ग्रेडर माणूस कापूस घेऊन दाराशी येतो, चिमटीत धागा ओढून लांबी बघतो. इथेही तेच करत होते.

आणि ही गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा मागणी आली वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा वेडापिसा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका आणि पेढ्या पटापट बुडाल्या. या नदीवरच्या धक्क्यावरून गाठी जायच्या थांबल्या म्हणून आमच्या काळ्या मातीला भाव आला होता. हे शाळेत कुणी असं सांगितलं नाही.

एक विसरू नका. तो कापूस गुलाम माणसांनी वेचलेला होता. याच शहरात गुलामांचा बाजारही भरायचा. संग्रहालयात फळ्याकडे बघताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

---

गामदेवी

@वऱ्हाडी, फार चांगला प्रतिसाद.

मला धागाकर्तीच्या एका मुद्द्यावर बोलायचं आहे. भटकंतीला तुम्ही लोरेन मोटेल "दहा मिनिटांवर आहे" म्हणून सोडून दिलंत. तिथे ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत हे खरं. खोली क्रमांक ३०६, कठड्यावर लावलेलं पुष्पचक्र, खाली उभ्या केलेल्या त्या काळच्या दोन गाड्या, हे सगळं अंगणातून दिसतं. पण आतल्या नागरी हक्क संग्रहालयाचं तिकीट कृपया काढाच. साधारण २० डॉलर आहे. बाकी सगळीकडे काटकसर करा, इथे करू नका. तीन तास तरी हातात ठेवा, आणि मंगळवारी बंद असतं हे लक्षात असू द्या.

मी लहानपणी मुंबईत गामदेवीला राहायचे, मणिभवनाच्या मागच्या गल्लीत. १९५९ साली किंग भारतात आले तेव्हा ते मणिभवनात गांधीजींच्या खोलीत रात्रभर राहिले होते. आग्रह धरून राहिले. शाळेतून आम्हाला तिथे कैक वेळा नेलं, ही गोष्ट कैक वेळा ऐकली आणि तेवढीच विसरले. मेम्फिसला त्या ३०६ क्रमांकाच्या खोलीसमोर उभी राहिले तेव्हा सगळं एकदम आठवलं. काचेपलीकडे न आवरलेला पलंग, अर्धवट प्यायलेले कप. मणिभवनातली ती गादी, चरखा आणि ही खोली. मला तिथे रडू आवरलं नाही. शेजारी एक म्हातारी कृष्णवर्णीय बाई उभी होती, तिने काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला.

---

सांगलीची_लेक

@गामदेवी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी घाईत लिहिलं, तसं लिहायला नको होतं. @भटकंती, तुझ्या यादीत बदल कर. संग्रहालय उघडल्या उघडल्या आत जा, बदकं संध्याकाळी पाचला बघ.

आणि किंग मेम्फिसला का आले होते हे कळायला 'आय ॲम अ मॅन प्लाझा'लाही जा. मोकळी जागा आहे, तिकीट नाही. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत आडोशाला बसले होते, यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं चिरडून गेले. १२ फेब्रुवारीला १,३०० सफाई कामगार संपावर गेले. गळ्यात फलक अडकवून रोज मोर्चा काढायचे: मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभं राहायला किंग आले होते. प्लाझाला लागून क्लेबॉर्न टेम्पल, मोर्चे तिथून निघायचे. एप्रिल २०२५ मध्ये ती वास्तू आगीत जळाली. मी दुसऱ्या दिवशी गेले होते. लोक कुंपणाला फुलं लावत होते.

---

पायपीट

बील स्ट्रीटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रात्री सगळे जातात, पण सकाळीही जा. फुटपाथवर संगीतकारांच्या नावांची पितळी स्वरचिन्हं बसवलीत, ती रात्री पायांच्या गर्दीत दिसत नाहीत. श्वाब नावाचं दुकान १८७६ पासून चालू आहे, आत जायला पैसे नाहीत. जुन्या फडताळांतून काय काय निघेल सांगता येत नाही. जरा पुढे पत्रकार आयडा बी. वेल्स यांचा पुतळा आहे, २०२१ मध्ये बसवलेला. १८९२ साली या शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने मारलं, त्याविरुद्ध त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं, म्हणून छापखाना मोडून टाकला गेला. त्यांना परत येता आलं नाही. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. मी दरवेळी थांबतो.

संध्याकाळी हँडी पार्कमध्ये वाद्यवृंद असला तर उभ्याउभ्या ऐकता येतो. समोरच्या डब्यात दोन-चार डॉलर टाका, ती माणसं त्यावर जगतात.

खरं गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, ऐकायचं असेल तर रविवारी सकाळी फुल गॉस्पेल टॅबरनॅकल या चर्चमध्ये जा. सुप्रसिद्ध गायक अल ग्रीन यांनी १९७६ पासून चालवलेलं चर्च. बाहेरच्यांचं मनापासून स्वागत होतं. अंगभर नीट कपडे घाला, फोन खिशात ठेवा, आणि दानपेटी येईल तेव्हा काहीतरी टाका. बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही, पण तुम्ही बसून राहणार नाही.

---

सुगरण

शाकाहारी मंडळींनी खाण्याआधी विचारायची सवय ठेवा. मेम्फिस म्हणजे डुकराच्या मांसाचं बार्बेक्यू, आणि ते अनपेक्षित जागी सापडतं. राजम्यासारखे दिसणारे बीन्स, शिजवलेली पालेभाजी, दोन्हींत बहुतेक ठिकाणी मांस असतं. "मीट आहे का?" एवढं विचारून पुरत नाही, "कशात शिजवलंय?" असं विचारा. आमच्या काकूंनी पालेभाजी म्हणून मागवली आणि दोन घास खाल्ल्यावर कळलं, फार वाईट वाटलं त्यांना. दोष वाढणाऱ्यांचा नाही, आम्हीच विचारलं नव्हतं.

युनिव्हर्सिटी ऑफ मेम्फिसजवळ आरपी ट्रॅक्समध्ये बार्बेक्यू टोफूचे नाचोज मिळतात. एक बशी दोघांना पुरते, त्या सॉसची गोडसर-आंबट चवही कळते. आणि पूर्व मेम्फिसला गिब्सन्सचे डोनट. सकाळी ताजे, गरम, पाकात नुकते बुडवलेले. माझ्या बाबांनी चहात बुडवून खाल्ले.

---

दोन_पिल्लं

सगळं गोड गोड चाललंय, पण एक कडू गोष्ट लिहिते. गाडीत काहीही ठेवू नका. काहीही म्हणजे काहीही. आमची काच फुटली ती भर दुपारी, पैसे देऊन उभ्या केलेल्या पार्किंगमध्ये. मागच्या सीटवर फक्त डायपरची बॅग होती. काचेचा खर्च फुकट सहलीच्या दहापट झाला, आणि धाकटीच्या कार सीटमधून काचा वेचण्यात संध्याकाळ गेली. चार्जरची वायरसुद्धा दिसू देऊ नका. सामान डिकीत ठेवायचं तर निघतानाच ठेवा, तिथे पोचून लोकांसमोर हलवाहलव नको.

याचा अर्थ येऊ नका असा अजिबात नाही. आम्ही दर शनिवारी नदीवर जातोच.

---

संध्याकाळ

ग्रेसलँडबद्दल एक सांगू का? माझी मावशी एल्विसवेडी. तिला ८० डॉलर फार वाटले आणि जायचं तर होतंच. सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात ग्रेसलँडच्या फाटकातून पायी आत जाऊ देतात, जवळजवळ रोज, फुकट. घर आतून बघता येत नाही, पण मेडिटेशन गार्डन बघता येते, एल्विस आणि त्यांचे आई-वडील जिथे पुरलेत ती जागा. चढण आहे, छोटीशी. त्या वेळी गर्दी नसते. मावशी, आणखी चार-पाच माणसं, कारंज्याचा आवाज. तिने पर्समधून चाफ्याचं वाळलेलं फूल काढलं, पुण्याहून वहीत ठेवून आणलं होतं. निघण्याच्या दिवशी पुन्हा वेळ तपासा.

बाहेरच्या दगडी भिंतीवर जगभरच्या लोकांनी नावं लिहिलीत. मावशीनेही मराठीत लिहिलं.

---

सांगलीची_लेक

@संध्याकाळ, चाफ्याचं वाचून अंगावर काटा आला.

दोन जागा राहिल्या होत्या त्या टाकते.

एल्मवुड दफनभूमी. १८५२ ची, ८० एकर, जुने मोठे वृक्ष, आत जायला पैसे नाहीत. दफनभूमीत काय बघायचं असं आईलाही वाटलं होतं. १८७८ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली आणि या शहरातली सुमारे ५,००० माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. इतकी वाताहत झाली की १८७९ मध्ये मेम्फिसचा नगर म्हणून दर्जाच गेला. एल्मवुडमध्ये एका मोकळ्या हिरवळीखाली त्या साथीतल्या १,४०० हून जास्त माणसांना पुरलंय, बहुतेकांच्या नावाचा दगड नाही. जवळच ॲनी कुकची कबर आहे. ही बाई कुंटणखाना चालवायची. साथ आली तेव्हा तिने मुली घरी पाठवल्या, खोल्या रिकाम्या केल्या, तिथे आजारी माणसं आणून ठेवली, त्यांची सेवा केली आणि त्याच तापाने गेली. कोविडमध्ये मी तिथे दर आठवड्याला जायचे.

मेमोरिअल पार्क दफनभूमीतली क्रिस्टल श्राइन ग्रोटो ही दुसरी. दिओनिसिओ रोद्रिगेस नावाच्या मेक्सिकन कलाकाराने १९३० च्या दशकात केलेली गुहा, आतून सगळी स्फटिकांनी मढवलेली. बाहेर लाकडाच्या ओंडक्यांसारखे दिसणारे पूल आणि बाकं आहेत, हात लावलात की कळतं, सिमेंट आहे. भर उन्हाळ्यात आत गारवा असतो.

---

पायपीट

ओव्हर्टन पार्क विसरलात! तिथलं शेल हे उघडं नाट्यगृह, ३० जुलै १९५४ रोजी एल्विसने पैसे घेऊन पहिल्यांदा गायलं ते इथेच. हंगामात तिथे फुकट कार्यक्रम असतात. चटई आणि डबा घेऊन जायचं, हिरवळीवर बसायचं. आमच्या चार-पाच मराठी घरांचं ठरलेलंच असतं, कुणी पोहे आणतं, कुणी चिवडा.

आणि शेजारचं जुनं जंगल, १२६ एकर. १९६० च्या दशकात त्यातून महामार्ग न्यायचं ठरलं होतं. वाटेतली घरंसुद्धा पाडून झाली होती. आसपासच्या नागरिकांनी कोर्टात धाव घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आय-४० हा महामार्ग आज शहराला उत्तरेकडून वळसा घालून जातो तो त्यामुळे. त्या झाडांखालून चालताना हे माहीत असावं.

---

भटकंती

परवा जाऊन आलो. यादीप्रमाणे. संग्रहालयात साडेतीन तास गेले, गामदेवी ताई तुमचे आभार. वऱ्हाडी दादा, फळा बघितला. भाव लिहिलेल्या खडूच्या रेघांपुढे मीही बराच वेळ उभा होतो, माझे आजोबा अकोल्याचे.

पाचला बदकं बघून पुलावर गेलो. मध्यावर पोचलो आणि मालगाडी आली. मी डबे मोजत होतो, एकशे आठपर्यंत मोजले आणि चुकलो. खर्च: नाश्ता, संग्रहालयं, एक टॅक्सी आणि नाचोज. पन्नाशीच्या थोडं वर, गाडीभाडं सोडून.

ताई, एक विचारायचं राहिलं. पुलाखाली आर्कान्सासच्या बाजूला नदीच्या आत लांबच लांब वाळू दिसत होती, लोक त्यावर चालत होते. ते नेहमी असतं का?

---

सांगलीची_लेक

नाही रे, पाणी उतरलं की तो वाळूचा पट्टा उघडा पडतो, साधारण शरद ऋतूत, पाऊस कमी असतो तेव्हा. वसंतात गेलास तर तिथे झाडांच्या बुंध्यांपर्यंत पाणी असतं. कडा आपल्या बाजूला आहे म्हणून शहर कोरडं राहतं, नदी पसरते ती पलीकडे.

आज सकाळी बघितलं, उणे सहा फूट आहे. बाबांना कळवलंय.